ॲप शिकायचं, पण कुणासाठी?

‘बारावी झाली, आता ॲप बनवायला शिकायचं म्हणतोय. कुठला क्लास लावू?’ हडपसर-मांजरी पट्ट्यात हा प्रश्न हल्ली घरोघरी विचारला जातो. विचारणारा कधी मुलगा असतो, कधी मुलीची आई, कधी उसाच्या रानात प्लॉट पडलेले पाहिलेले वडील. प्रश्न साहजिकच आहे. सोलापूर रस्त्याने पुण्याकडे निघालं की मगरपट्टा लागतं, नदीपलीकडे खराडीच्या आयटी इमारती दिसतात. २०२१ मध्ये २३ गावांबरोबर मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं, त्याआधीच शेताच्या बांधाला लागून टॉवर उभे राहिले होते. शेजारच्या फ्लॅटमधला मुलगा घरबसल्या अमेरिकेतल्या कंपनीचं ॲप लिहितो, मग आपला का नाही, असं वाटणारच.

उत्तर देणारे बहुतेक जण भाषेचं किंवा अवजाराचं नाव सांगून मोकळे होतात. कोणी जावा म्हणतो, कोणी कोटलिन, कोणी फ्लटर. कोणी म्हणतो, आता सगळं एआय करतं, शिकायचं कशाला? माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते आधीच सांगून टाकतो. भाषा कोणती, क्लास कोणता, हे नंतरचे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न, हे ॲप उद्या कोण वापरणार? ज्याला या प्रश्नाचं उत्तर एका ओळखीच्या माणसाच्या रूपात सापडतं, तो शिकतो. ज्याला सापडत नाही, त्याच्याकडे सहा महिन्यांनी प्रमाणपत्र आणि दहा अर्धवट प्रोजेक्ट असतात.

या दृष्टीने मांजरीसारखी जागा शोधून सापडायची नाही. इथे वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, १९७५ साली सहकारी साखर कारखान्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली. १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. पालेभाजीचा उपबाजार आहे, सीरमचा लस बनवणारा कारखाना आहे, पुणे-दौंड लोहमार्गावरचं स्टेशन आहे, आणि टँकरच्या पाण्याचा हिशेब ठेवता ठेवता मेटाकुटीला आलेल्या सोसायट्याही आहेत. हिशेब, तारखा, नोंदी, भाव यांचं एवढं काम एका गावात चालत असताना इथला विद्यार्थी जेव्हा क्लासमध्ये अमेरिकी पिझ्झा दुकानाचं ऑर्डर ॲप घोटत बसतो, तेव्हा वाईट वाटतं.

थोडं मागे जाऊ. ॲपलचं ॲप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं, तेव्हा त्यात ५०० ॲप होती. अँड्रॉइडचा बाजार त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सुरू झाला आणि २०१२ मध्ये त्याचं नाव गुगल प्ले झालं. त्या सुरुवातीच्या काळात मराठी माणसाला या साऱ्यात फारशी जागा नव्हती, कारण अनेक अँड्रॉइड फोनवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन दिसायचे. पुढे फोनच्या प्रणालीतच देवनागरी नीट आली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि गावागावांत स्मार्टफोन पोचला. वापरणारे तयार झाले. बनवणारे मात्र अजून बहुतेक इंग्रजीतूनच, इंग्रजी उदाहरणांवरच शिकतात.

शिकण्याच्या वाटा आज बऱ्याच आहेत, आणि त्यातल्या चांगल्या वाटा बहुतांशी फुकट आहेत, हे पालकांना सांगायलाच हवं. लहान मुलांसाठी स्क्रॅच आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मिचेल रेझनिक यांच्या गटाने ते २००७ मध्ये खुलं केलं. रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे की मांजर चालायला लागतं. ठोकळ्यांतल्या चलांना देवनागरीत नावं देता येतात. ‘गुण’, ‘वेग’, ‘उरलेले जीव’ अशी नावं दिली की सातवीतल्या मुलाला आपण काय लिहिलंय ते आठवड्यानंतरही कळतं. त्यानंतरची पायरी ॲप इन्व्हेंटर. गुगलने ते २०१० मध्ये आणलं, पुढे एमआयटीने सांभाळायला घेतलं, आणि आजही ते ब्राउझरमध्येच चालतं. म्हणजे जुनाट कॉम्प्युटरही चालतो. स्क्रीनवरचा क्यूआर कोड फोनने वाचला की बनत असलेलं ॲप लगेच फोनवर दिसायला लागतं. बटणाचा रंग कॉम्प्युटरवर बदलला की हातातल्या फोनवर बदलतो. नव्या शिकणाऱ्याला या एका गोष्टीने जेवढा हुरूप येतो, तेवढा कुठल्याच व्याख्यानाने येत नाही.

खऱ्याखुऱ्या अँड्रॉइड विकासासाठी अँड्रॉइड स्टुडिओ लागतो. २०१४ च्या अखेरीस त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. २०१९ पासून गुगल कोटलिन या भाषेला प्राधान्य देतं. इथे घोडं अडतं ते कॉम्प्युटरपाशी. ८ जीबी मेमरी ही किमान गरज, आणि कॉम्प्युटरमध्येच नकली फोन चालवायचा तर १६ जीबी हवी. जुन्या लॅबमधली यंत्रं तेवढ्यात दमतात. त्यावर साधा उपाय आहे. नकली फोन चालवूच नये, आपलाच फोन तारेने जोडावा. फोनच्या माहितीत ‘बिल्ड नंबर’वर ७ वेळा बोट दाबलं की विकासकांसाठीचे पर्याय उघडतात, त्यात यूएसबी डीबगिंग सुरू करायचं. किती तरी मुलं या एका गोष्टीवाचून आठवडेच्या आठवडे अडून राहतात. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी एकच कोड हवा असेल तर फ्लटर आहे, पण आयफोनचं ॲप तयार करायला शेवटी मॅक लागतोच, हे जाहिरातीत कोणी सांगत नाही.

अभ्यासक्रमांत हा विषय आला आहे. राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या कॉम्प्युटर पदविकेत शेवटच्या वर्षी मोबाइल ॲप विकासाचा स्वतंत्र विषय असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिकपूर्व टप्प्यापासून कोडिंगची ओळख करून द्यायचं म्हटलं आहे. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांसाठी त्याच वर्षी ॲप बनवण्याचा अभ्यास-संचही आला. पण जी गोष्ट मराठी मुलांपर्यंत सर्वांत आधी पोचायला हवी होती आणि पुरेशी पोचली नाही, ती म्हणजे मुंबई आयआयटीचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. प्रा. कन्नन मौदगल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचे धडे, बघता बघता शेजारच्या खिडकीत स्वतः करून पाहायचे, आणि जावापासून पायथनपर्यंत किती तरी विषय मराठी निवेदनासह. इंग्रजीच्या धास्तीने मागे राहिलेल्या मुलीच्या हातात हे पडलं की तिची चाल बदलते.

खासगी क्लासबद्दल थोडक्यात. २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या कोडिंगच्या जाहिरातींनी कहर केला होता. जाहिरात मानक परिषदेला त्यातल्या काही मागे घ्यायला लावाव्या लागल्या. पी हळद नि हो गोरी, असा तो मामला होता. चांगला क्लास असू शकतो, पण निवडताना एकच विचारावं, ‘तुमच्या मागच्या तुकडीतल्या कुणाचं ॲप आज कुणाच्या फोनवर चालू आहे ते दाखवा.’ फोन पुढे आला तर फी भरावी.

आता खेळांकडे वळतो. शिकण्यासाठी छोट्या गेमसारखं दुसरं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे. पालक गेम म्हटलं की नाक मुरडतात, पण गेम खेळणं आणि गेम घडवणं यांत फार अंतर आहे. व्हिएतनाममधल्या हनोईच्या डाँग न्विन या तरुणाचा ‘फ्लॅपी बर्ड’ मे २०१३ मध्ये आला. एक पक्षी, काही नळ, आणि बोटाची एक टिचकी, बास. काही महिन्यांत त्याने जग वेडं केलं, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये न्विनने तो स्वतःच काढून टाकला. आपल्याकडे नवी मुंबईच्या गेमशन कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ आणला. घरोघरीचा तोच जुना खेळ, पण टाळेबंदीत कोट्यवधी लोक तो रोज खेळत होते. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये जगभर गेला. तो मोठा खेळ, त्यामागे काही वर्षांची मेहनत आणि अख्खा चमू. शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये. पण पुण्यात बसून असं काही होतं, एवढं त्याला माहीत असावं.

सुरुवात करावी ती टोपलीत आंबे झेलण्याच्या खेळाने. वरून आंबा पडतो, खाली टोपली डावी-उजवीकडे सरकते, झेलला तर गुण, सुटला तर एक जीव कमी. एवढ्याशा खेळात काय काय शिकायला मिळतं ते पाहा. स्क्रीन सेकंदाला साधारण ६० वेळा नव्याने काढली जाते. प्रत्येक वेळी आंबा थोडा खाली सरकवायचा, टोपलीला लागला का तपासायचं, लागला तर गुण वाढवायचा. पहिल्या दिवशी खेळ चालतो, मुलगा खूश. मग तो आपला खेळ मित्राच्या नव्या फोनवर टाकतो आणि आंबे दुप्पट वेगाने कोसळायला लागतात. का? मित्राच्या फोनची स्क्रीन सेकंदाला १२० वेळा काढली जाते, आणि आपण दर वेळी ठरावीक अंतर सरकवलंय. आता त्याला कळतं, सरकवायचं ते दर चित्राला नव्हे, गेलेल्या वेळाच्या हिशेबाने. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. शाळेत पाठ केलेलं हे सूत्र त्याला पहिल्यांदा कामाला येतं. पुढे वेग वाढवला की आंबा कधी कधी टोपलीच्या आरपार जातो, कारण एका चित्रात तो टोपलीच्या वर असतो आणि पुढच्या चित्रात थेट खाली. टोपलीला स्पर्श झाल्याचा क्षणच तपासात येत नाही. मग आधीची जागा आणि आताची जागा या दोन्हींच्या मधलं तपासायचं. हे सगळं सांगायला लागत नाही, खेळ स्वतः दाखवतो. पगारपत्रक बनवणाऱ्या ॲपमध्ये चूक महिनोन् महिने लपून बसते, गेममध्ये ती क्षणात समोर येते.

अवजारांचं म्हणाल तर गोडो हे मुक्त, फुकट इंजिन आता इतकं सुधारलंय की शिकणाऱ्याने दुसरीकडे बघायची गरज नाही. युनिटी जास्त प्रसिद्ध आहे, पण सप्टेंबर २०२३ मध्ये त्या कंपनीने प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायचं जाहीर केलं, जगभरचे विकासक खवळले, आणि वर्षभराने तो बेत रद्द करावा लागला. दुसऱ्याच्या मालकीच्या पायावर घर बांधताना काय होऊ शकतं, ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. त्याहूनही सोपं हवं असेल तर ब्राउझरमध्ये चालणारा गेम लिहावा. एक लिंक पाठवली की झालं, काही उतरवून घ्यायला नको. व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिकेच्या किंवा वाहतूक दंडाच्या नावाने ॲपची एपीके फाइल पाठवून लोकांची खाती रिकामी करण्याचे प्रकार इतके झालेत की आता ओळखीच्या पोराने पाठवलेली फाइलही कोणी उघडत नाही, आणि उघडूही नये. लिंक बरी.

पैसे लावून खेळायच्या गेमच्या वाटेला कोणी जाऊ नये. ऑगस्ट २०२५ मधल्या केंद्राच्या कायद्याने त्यांवर बंदी आली आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं.

मराठीत गेम किंवा ॲप करायला घेतलं की एक वेगळाच मुलूख सुरू होतो, आणि इथे कुठलंही इंग्रजी पुस्तक फारशी मदत करत नाही. समजा शब्द ओळखायचा खेळ करायचाय. ‘मांजरी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, मां, ज, री. कॉम्प्युटरला लांबी विचारली तर तो ६ सांगतो. म, काना, अनुस्वार, ज, र, वेलांटी. शब्द उलटा करायला सांगितला तर वेलांटी सगळ्यात आधी येते आणि तिच्याजवळ ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ उमटतं. यावर उपाय म्हणून शब्दाचे दिसणारे तुकडे पाडणारी सोय प्रोग्रामिंगच्या बऱ्याच भाषांत असते. पण ‘पुस्तक’ घ्या. आपल्या लेखी पु, स्त, क. युनिकोडचे जुने नियम मात्र स्त मोडून पु, स्, त, क असे चार तुकडे पाडत होते. जोडाक्षर एकत्र ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, सप्टेंबर २०२३ मध्ये आला. म्हणजे जुन्या फोनवर आणि नव्या फोनवर तुमच्या खेळातल्या चौकटींची संख्या वेगळी भरू शकते. मराठी शब्दकोडं करणाऱ्याने जोडाक्षराचं गणित स्वतः लिहावं, फोनवर विसंबू नये.

अशा आणखी खाचाखोचा आहेत. हिंदी वळणाचे ल आणि श मराठी वाचकाच्या डोळ्याला खुपतात. अनेक फाँटमध्ये मराठी वळण असतं, पण मजकुराची भाषा मराठी आहे असं ॲपने सांगितलं तरच ते उमटतं. मुंबईच्या एक टाइप या गटाने केलेला मुक्ता फाँट मुक्त परवान्याचा आहे, तो बिनधास्त वापरावा. एक लाख रुपये १,००,००० असे दिसले पाहिजेत, परदेशी पद्धतीने तीन-तीन शून्यांत नव्हे. आणि वापरणाऱ्याने देवनागरी कीबोर्डवर ‘५०’ टाइप केलं तर? जावा आणि कोटलिन तो आकडा ओळखतात. जावास्क्रिप्ट ओळखत नाही, ‘हा आकडाच नाही’ म्हणून हात वर करतं. ज्या मुलाने हे एकदा आपल्या आजीच्या फोनवर पाहिलं, तो पुन्हा कधी फक्त इंग्रजी आकड्यांवर चाचणी घेऊन थांबणार नाही.

मांजरीच्या बाजारासाठी ॲप करायचं ठरवलं तर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पालेभाजीचा भाव शेकडा जुड्यांवर बोलला जातो. समजा कोथिंबिरीच्या ३४० जुड्या आल्या आणि भाव शेकडा ९०० रुपये मिळाला. शेतकरी मनातल्या मनात सांगतो, तीन हजार साठ. विद्यार्थ्याचं ॲप सांगतं, दोन हजार सातशे. ३६० रुपये गेले कुठे? त्याने कोडमध्ये ३४० ला १०० ने भागून मग ९०० ने गुणलं, आणि कोटलिनमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उरलेलं टाकून दिलं जातं. ३४० भागिले १०० म्हणजे ३, वरच्या ४० जुड्या हवेत. आधी गुणून मग भागलं असतं तर हिशेब बरोबर आला असता. ही चूक वर्गात सांगितली तर परीक्षेपुरती लक्षात राहते. बाजारात शेतकऱ्यासमोर घडली तर जन्मभर राहते, कारण समोरच्याच्या चेहऱ्यावरून ॲपवरचा विश्वास उडालेला दिसतो. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. गाडीभाडं वजा कुठे करायचं? शेवटी उरलेल्या २० जुड्या वेगळ्या भावाने गेल्या तर? पहाटे ओल्या हातांनी बोट लावल्यावर बटण दाबलं जातं का? बटण केवढं मोठं हवं? यातलं एकही कुठल्या अभ्यासक्रमात नाही.

द्राक्षाचंही तसंच. बागायतदार तारखेपेक्षा छाटणीपासूनचे दिवस मोजतो. ‘बाग ४५ दिवसांची झाली’ असं तो बोलतो, त्यावर फवारणी, विरळणी, पाणी सगळं ठरतं. छाटणीची तारीख एकदा भरली की आज कितवा दिवस ते दाखवणारं, आणि फवारणी नोंदवली की त्या औषधाचा काढणीपूर्व काळ कधी संपतो ते सांगणारं छोटं ॲप एखादी मुलगी ॲप इन्व्हेंटरमध्ये महिन्याभरात करू शकते. ही नोंद हौसेची नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांमुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली आणि निर्यातदार हवालदिल झाले होते. अपेडाची ग्रेपनेट ही माग ठेवणारी यंत्रणा आणि मांजरीच्या केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा याच कामासाठी आहेत. पण इथे एक लक्ष्मणरेषा पाळावी. विद्यार्थ्याने नोंदवहीचं ॲप करावं, सल्ल्याचं करू नये. डाउनी रोग दिसला तर कुठलं औषध किती घालायचं हे शास्त्रज्ञांनी सांगायचं. काढणीपूर्व काळाचे आकडेही केंद्राच्या चालू यादीतूनच घ्यावेत, कुठून तरी शोधून भरू नयेत. चुकीच्या एका आकड्याने बाग जाते.

सरकारी ॲपकडेही शिकणाऱ्याने अभ्यास म्हणून पाहावं. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतात उभा राहून पिकाचा फोटो आणि ठिकाण नोंदवतो. २०२२ मध्ये साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ ॲप आणलं. ज्या कामासाठी तलाठ्याच्या किंवा कारखान्याच्या गट कार्यालयाच्या खेपा घालाव्या लागत, ते हातात आलं, ही मोठीच गोष्ट. पण हंगामात सगळे एकदम तुटून पडले की सर्व्हर मान टाकतो, शेतात रेंज नसते, वयस्कर माणसाला चौथ्या स्क्रीनवर काय विचारलंय ते कळत नाही, या तक्रारीही गावोगावी ऐकू येतात. आपल्या आजोबांची पीक पाहणी स्वतः भरून द्यावी आणि ते कुठे कुठे अडले ते लिहून काढावं. ॲपची रचना शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही. वापरणाऱ्याला ओळखून केलेल्या कामाचंही उदाहरण आहे. शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०१७ मध्ये राज्याने ती कल्पना उचलली आणि २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. तंत्र साधंच होतं. समोरच्या मुलाकडे कुठला फोन आहे आणि त्याला काय हवंय, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

एआयबद्दल विचारल्याशिवाय आता कोणी सोडत नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं, आणि आज मराठीत दोन वाक्यं लिहिली की आंबे झेलायचा अख्खा खेळ समोर येतो. याचा एक मोठा फायदा आहे. इंग्रजीतला लाल अक्षरांतला त्रुटी-संदेश मराठीत समजावून घेता येतो, आणि याच संदेशांनी आजवर किती तरी मुलांना माघारी पाठवलं होतं. पण जुड्यांच्या हिशेबातली चूक एआयने लिहून दिलेल्या कोडमध्येही असू शकते, आणि ३०६० यायला हवे होते हे ज्याने आधी कागदावर काढलं नाही, त्याला २७०० पाहून काही खटकणार नाही. म्हणून माझा आग्रह असा की, पहिले दोन खेळ हाताने लिहावेत. तिसऱ्यापासून एआयला सोबत घ्यावं, आणि ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती ओळ ठेवू नये.

तयार झालेलं ॲप गुगल प्लेवर चढवण्याचा टप्पा क्लासमध्ये शेवटच्या तासाला उरकला जातो, किंवा राहूनच जातो. नियम आधीच माहीत असावेत. खातं उघडायला वय १८ पूर्ण लागतं, त्यामुळे शाळकरी मुलांनी पालकांच्या किंवा शिक्षकांच्या खात्यावरून जावं. नोंदणीचे २५ डॉलर एकदाच भरायचे असतात. ॲपलकडे मात्र वर्षाला ९९ डॉलर. वैयक्तिक नव्या खात्याला नोव्हेंबर २०२३ पासून आणखी एक अट आहे. ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक जणांनी सलग १४ दिवस त्याची चाचणी घेतलेली असली पाहिजे. सुरुवातीला किमान २० जण लागत, डिसेंबर २०२४ मध्ये ही संख्या १२ वर आली. परगावच्या एकट्या शिकणाऱ्याला ही अट जाचक वाटते आणि मग तो पैसे देऊन चाचणी करणारे शोधतो. ज्याने सुरुवातीपासून शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी ॲप केलंय, त्याला मात्र बारा माणसं गोळा करायला एक संध्याकाळ पुरते. बाजारातले चार, सोसायटीतले पाच, घरातले तीन.

ॲप माहिती कुठली घेतं, हेही प्ले स्टोअरला लिहून द्यावं लागतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते असं म्हटलं आहे. शिकणाऱ्याने सगळं फोनमध्येच साठवावं, नाव-नंबर मागूच नयेत. कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागणारं हिशेबाचं ॲप पाहिलं की शहाणा माणूस ते काढून टाकतो, आणि बरोबर करतो.

सर्वांत दुर्लक्षित भाग यापुढचा आहे. ॲप एकदा चढवलं की संपलं, असं होत नाही. गुगल दर वर्षी किमान अट पुढे सरकवतं. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी ॲप आणि सुधारित आवृत्त्या किमान अँड्रॉइड १५ ला धरून असण्याची अट आली. फार मागे राहिलेली ॲप नव्या फोनच्या ग्राहकांना दिसेनाशी होतात. विद्यार्थी जूनमध्ये पदविका घेऊन नोकरीला लागतो आणि त्याने बाजारातल्या माणसांना दिलेलं ॲप दीड-दोन वर्षांत नव्या फोनवर मिळेनासं होतं. लोक मग म्हणतात, पोरांच्या ॲपचं काही खरं नाही. यात पोरांचा दोष कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. दर वर्षी नवा प्रोजेक्ट, नवा विषय, नवी बाइंडिंग केलेली फाइल, आणि मागच्या वर्षीची फाइल कपाटात.

परिसरातल्या महाविद्यालयांनी आणि तंत्रनिकेतनांनी एवढं जरी केलं तरी चित्र बदलेल. शेवटच्या वर्षाच्या निम्म्या गटांना नवा विषय देऊ नये, मागच्या तुकडीचं चालू ॲप सांभाळायला द्यावं. दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचणं, त्यातली खोट शोधणं आणि वापरणाऱ्यांना न दुखावता बदल करणं, नोकरीत पहिल्या दिवसापासून हेच करावं लागतं. गुण त्यालाच द्यावेत. खातं एका विद्यार्थ्याच्या नावावर न ठेवता संस्थेच्या नावावर असावं. जुनी तुकडी जाताना तिने नव्या तुकडीच्या हाती चार गोष्टी सोपवाव्यात. एक, पूर्ण कोड. दोन, ॲपवर सही करायची किल्ली आणि तिचा पासवर्ड. ती हरवली तर त्याच ॲपची पुढची आवृत्ती काढताना मोठी अडचण होते. तीन, वापरणाऱ्यांची यादी आणि त्यांनी केलेल्या तक्रारी. चार, मराठीत लिहिलेलं दोन पानांचं टिपण, कुठली गोष्ट कशी आणि का केली याचं. शेकडा भावाचा हिशेब आधी गुणून मग का भागायचा, हे त्यात पहिल्याच ओळीला असावं.